दुसऱ्या घरी जायचं राहिलं

मैंदर्गीच्या मल्लिकार्जुन हत्तुरेला फोनवर बोलायचं काम देणं म्हणजे बैलाला कडब्याच्या गंजीवर राखणीला बसवणं. तरी विभागप्रमुख मॅडमनी ते त्याला दिलं, कारण दुसरं कुणी घेईना.

भूशास्त्राचा विभाग तसा लहान. जिना चढून गेलं की उजव्या हाताला दगडांची कपाटं, डाव्या हाताला दगडांवर शिकवणारी माणसं, आणि मध्ये व्हरांड्यात सोलापूरचं ऊन. त्या वर्षी विद्यापीठाकडून फर्मान आलं, की तपासणीची समिती येणार आहे, तेव्हा प्रत्येक विभागाचं आपल्या माजी विद्यार्थ्यांशी जिवंत नातं आहे असं दिसलं पाहिजे. विभागाचं कुणाशी नातंच नव्हतं, जिवंत तर पुढची गोष्ट. शिकून गेलेली पोरं कुणी नाशकाला, कुणी मस्कतला, कुणी सासऱ्याच्या दुकानात. मॅडमनी वर्गात विचारलं, हे काम कोण अंगावर घेईल. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मल्लूनंही घातली. पण मल्लूची मान खाली असली तरी तोंड चालूच असतं, हे मॅडमना दोन वर्षांत कळून चुकलं होतं.

तर मल्लूनं फोन करायला सुरुवात केली. आणि काय सांगावं, पोरगं त्या कामात असं रमलं की बोअरच्या पाण्यावरचा त्याचा स्वतःचा प्रबंध कोरडा पडला. अक्कलकोटकडचा माणूस निघाला की मल्लू आधी "आराम अदीरी?", बरे आहात ना, म्हणून कन्नडात शिरायचा. पूर्व भागातल्या विणकर घरातला कुणी असला की ऐकून ऐकून शिकलेलं मोडकंतोडकं तेलुगू काढायचा. समोरचा हसायचा, आणि हसलेला माणूस फोन ठेवत नाही हे मल्लूला ठाऊक होतं. बाकीच्यांना मराठी होतीच. पण भाषा कुठलीही असो, शेवटी तो एक वाक्य टाकायचा. ते टाकलं की पलीकडचा माणूस म्हणायचा, येतो.

ते वाक्य असं: "बिराजदार सर तुमची फार आठवण काढतात."

अण्णाराव बिराजदार सरांनी हा विभाग उभा केला. पहिली कित्येक वर्षं विभाग म्हणजे तेच. आता निवृत्त होऊन होटगी रोडच्या बाजूला बंगल्यात राहत होते. मल्लूनं त्यांना तोवर एकदाच, तेही लांबून, पाहिलं होतं. त्यामुळे सर कुणाची आठवण काढतात आणि कुणाची नाही हे त्याला कळण्याचा काही मार्ग नव्हता. मल्लूनं जितक्यांना सांगितलं तितक्यांची आठवण सरांनी खरोखर काढली असती, तर नाशकापासून मस्कतपर्यंत माणसं उचक्या देत बसली असती.

पण मल्लूला हे खोटं वाटत नव्हतं. कारण तो वाढला होता रुद्रप्पा हत्तुरेच्या घरात.

रुद्रप्पाचं मैंदर्गीत किराणा दुकान. पण दुकानापेक्षा माणूस चालायचा दुसऱ्याच गोष्टीसाठी. गावात कुणाचं कुणाशी बिनसलं की बायामाणसं हळूच येऊन त्याच्या कानावर घालायची. बांधावरनं फाटलेला मायाप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारावरनं मान फिरवून जायचे. रुद्रप्पा एका संध्याकाळी मायाप्पाकडं गेला, तंबाखू मागितली, आणि निघता निघता म्हणाला, काल धाकटा विचारत होता, दादाचा खोकला कमी हाय का. धाकट्यानं असलं काही विचारलं नव्हतं. तिथून उठून रुद्रप्पा घरी गेला नाही. तसाच धाकट्याच्या घरी गेला आणि तिथं बोलला, मायाप्पा म्हणतोय, धाकटीच्या हातची भाकर खाऊन लई दिवस झाले. मायाप्पाही असलं काही म्हणाला नव्हता. दसऱ्याला गावाबाहेर शमीची पानं लुटून सगळे परतले तेव्हा दोघा भावांनी एकमेकांच्या हातात बन्नी दिली. मैंदर्गीकडं त्या पानांना बन्नी म्हणतात. बन्नी घ्यावी आणि सोन्यासारखं राहावं. बन्नी देताना मागचं काढायचं नाही, असा रिवाज आहे. कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, कुणी विचारलं नाही. दोघं रडले आणि भाकरीला बसले.

मल्लूनं लहानपणी बापाला विचारलं होतं, अप्पा, हे खोटं न्हाय का? रुद्रप्पानं गूळ तोलता तोलता सांगितलं होतं, "एका घरी सांगितलं तर ती थाप. दोन्ही घरी सांगितलं तर समेट."

त्यातलं पहिलं वाक्य मल्लूनं जरा हलक्यात घेतलं. पोरांचं असंच असतं, बापाचं अर्धंच ऐकतात आणि तेवढ्यावर संसार मांडतात.

पहिल्या तुकडीतले जवळपास सगळे मल्लूनं धरले. युवराज साळुंखे तर फोनवर इतका खुलला की मल्लूला मध्ये हं म्हणायलाही जागा मिळेना. युवराज साहेब पाण्याच्या सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी जुने किस्से सांगायला सुरुवात केली आणि त्यात एक होटगीजवळच्या नाल्याचा निघाला. शेवटच्या वर्षी सर सगळ्यांना तिथं दगड वाचायला घेऊन गेले होते. विभागात एकच चांगला, बाहेरून मागवलेला हातोडा होता, आणि तो वर्षभर वैजयंती मोरेच्या हातात असायचा, कारण दगड कुठं फोडला म्हणजे आतलं दिसतं हे तिला नेमकं कळायचं. त्याच महिन्यात दुष्काळी गावांच्या पाहणीसाठी विभागातून एकाला पाठवायचं होतं. नाल्यात सगळ्यांच्या देखत सरांनी तिच्या हातातला हातोडा घेतला आणि युवराजच्या हातात दिला. म्हणाले, वैजू, उन्हातान्हात बोअरच्या गाड्यांमागं फिरणं तुझ्यानं व्हायचं नाही, तू आपली लिहायची कामं बघ. ती नाल्यातून चढून वर आली आणि जीपमध्ये जाऊन बसली. त्या पाहणीतूनच युवराजला नोकरी लागली. साहेब हसत हसत म्हणाले, हातोडा चालवायला मात्र मला नंतर शिकावं लागलं.

मल्लूही हसला. मग त्यानं वैजयंती मोरेचा नंबर आणि पत्ता मागितला.

तिनं फोन उचलला, विभागाचं नाव ऐकलं आणि कापला. दुसऱ्यांदा कापला. नंतर उचलायचंही बंद केलं. मल्लूच्या जिवाला ते लागलं. आजवर त्याच्या तोंडाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, आणि ही बाई तोंड उघडूच देत नव्हती. नवरात्र बसायच्या आधल्या आठवड्यात तो एसटीत बसला आणि बार्शीला गेला.

मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं दुकान होतं. पंप, पाइप, केबल, मोटारी. नवरा शेतांवर मोटारी बसवायला जाई आणि गल्ल्यावर ही असायची. पाणी शोधायला निघालेली बाई पाणी उपसायची यंत्रं विकत होती, हे मल्लूच्या लक्षात आलं आणि त्याला त्यात गंमत वाटली. तेव्हा वाटली.

त्यानं दारातून विचारलं, वैजयंती मॅडम आपणच का.

"मॅडम कुणी न्हाय हितं," ती केबल मोजता मोजता म्हणाली. "मोटार कितीची पायजे?"

मल्लूनं सांगितलं, मोटार नको, मी विभागातून आलोय. तिनं मान वर केली, त्याच्या घामेजलेल्या शर्टाकडं पाहिलं आणि माठाकडं बोट केलं. पाणी पी आणि पुढची गाडी पकड म्हणाली. इतके फोन कापले तरी समजलं नाही, तर शिकवतात काय तुम्हाला तिथं, असंही विचारलं. मल्लू पाणी प्यायला, दोन तांबे. मग मेळाव्याचं सांगितलं. दसरा झाल्यावर, कोजागिरीच्या आतला रविवार धरलाय, म्हणजे गुरूंना सोनंही देता येईल. ती केबल मोजत राहिली. मग त्यानं वाक्य टाकलं.

"बिराजदार सर तुमची फार आठवण काढतात."

तिनं केबल कापली, वेटोळं घातलं, खिळ्याला अडकवलं. आणि मग, आजवर ज्या कुणी ते वाक्य ऐकलं होतं त्यातल्या एकानंही न विचारलेली गोष्ट तिनं विचारली.

"काय आठवण काढतात?"

मल्लूच्या वाक्याला वरचा मजला बांधायची वेळ कधी आलीच नव्हती. पण माल जवळ होता. युवराज साहेबांनीच पुरवला होता. त्यानं एक क्षणही लावला नाही. डोळे जरा खाली केले, आवाज जरा बारीक केला, आणि बोलला, "सर म्हणाले, त्या नाल्यावर माझं चुकलं. हातोडा ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहायला पाहिजे होता."

दुकानात एक शेतकरी बॉलव्हॉल्व्ह बघत उभा होता. तो म्हणाला, ताई, ह्याचं किती. तिला ऐकूच आलं नाही.

"हातोड्याचं त्यांच्या लक्षात हाय?" तिनं विचारलं.

"व्हय."

ती वळली आणि मागच्या फळीवरची खोकी सरळ करायला लागली. खोकी सरळच होती. बऱ्याच वेळानं तिनं आतल्या दाराकडं तोंड करून हाक मारली, पिंके, चहा आण गं. बारावीतली पोरगी चहा घेऊन आली. बाईनं तिला सांगितलं, हे बिराजदार सरांच्याकडनं आलेत. सर म्हणाले, चुकलं. पोरीला हातोडा, नाला, जीप सगळं पाठ असावं, कारण तिनं कसला हातोडा म्हणून विचारलं नाही. ती आईकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मग आता बाबांना सांग की."

मल्लूला त्याचा अर्थ बोलण्याच्या ओघात कळला. पिंकीला आईचाच विषय घ्यायचा होता. बापाचं म्हणणं, दगडाधोंड्यांत पोरीचं काय काम, तुझ्या आईलाही तिच्या सरांनी हेच सांगितलं होतं. एवढी वर्षं त्या घरात बिराजदार सर हे शेवटचं कोर्ट होतं. आणि आज मल्लूनं त्या कोर्टाचा निकाल फिरवून आणला होता.

निघताना बाईनं त्याला बस स्टँडपर्यंत सोडायला दुकानातला माणूस गाडीवर दिला. आणि सरांना सांग म्हणाली, मी येते.

परतीच्या गाडीत मल्लू स्वतःवर इतका खूश होता की शेजारच्या म्हाताऱ्याला त्यानं आपण होऊन खिडकी दिली. आपण अप्पाचंच पोरगं, असं त्याला वाटत होतं. उद्या सरांकडं जायचं आणि तिकडचं सांगायचं: वैजयंती मॅडम म्हणतात, सरांचा राग धरला ही माझीच चूक. की सरही विरघळतील. मग बन्नी आहेच.

उद्याचं त्यानं परवावर नेलं, परवाचं चार दिवसांवर. हॉल, मंडप, रांगोळीवाल्या पोरी, सगळ्यांत तोच. शेवटी आमंत्रण द्यायला म्हणून सरांकडं गेला तेव्हा मनात वाक्य तयार होतं. सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. पायरीजवळ कुंडीत मातीऐवजी दगडच जास्त. सरांनी त्याला समोर बसवलं, काकूंनी चुरमुऱ्याचा सुसला आणला. सरांनी गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, कन्नडात दोन शब्द बोलले. मग कोण कोण येणार ते विचारत राहिले, आणि मल्लू नावं घेत गेला तसतसा म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उजळत गेला.

"पहिल्या तुकडीच्या वैजयंती मॅडमही येणारेत," मल्लू म्हणाला.

"वैजू?" सर म्हणाले. "फार हुशार मुलगी. लग्न ठरलं आणि गेली. मुलींचं असंच होतं बघ."

वाक्य मल्लूच्या जिभेवर आलं होतं. नुसतं जिभेवर नाही, दातांपर्यंत. आणि त्याच वेळी त्याच्या ध्यानात आलं, की इथं अप्पाचं वाक्य चालायचं नाही. अप्पा ज्या घरांत शिरायचा तिथं दोघांनाही भांडण माहीत असायचं. हे घर तसं नव्हतं. इथं आधी भांडण झालंय हेच सांगायला लागणार होतं, आणि ते खरं होतं, आणि खरं सांगायची मल्लूला सवय नव्हती.

तरी त्यानं सांगितलं असतं. पण सर पुढं झुकले आणि म्हणाले, मल्लिकार्जुन, इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही ते तू केलंस; तुझ्यासारखा पोरगा माझ्या वेळेला असता तर हा विभाग कुठल्या कुठं गेला असता. मल्लूनं सुसल्याचा घास घेतला. त्याबरोबर ते वाक्यही गिळलं. मनाशी म्हणाला, बन्नी देताना मागचं कोण काढतंय.

मैंदर्गीत कुणी काढत नाही. बार्शीचं त्यानं विचारलं नव्हतं.

मेळावा झाला, आणि चांगला झाला असंच सगळे म्हणतात. हॉल भरला. मॅडमनी फोटोवाल्याला समितीच्या दृष्टीनं फोटो काढायला सांगितलं होतं, त्यामुळे जिवंत नातं सगळ्या बाजूंनी टिपलं गेलं. सरांना शाल, श्रीफळ, सोलापुरी चादर. लोक बोलायला उठले आणि प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, सांगितलं, की सर अजून आपली आठवण काढतात हे ऐकून भरून आलं. सर ऐकत होते. तिसऱ्या-चौथ्या माणसापासून त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली, पण ते सज्जन माणूस. आपल्याला आठवण येत असेलच, असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं.

चहाच्या वेळी सोनं द्यायला रांग लागली. मल्लू पानांचं ताट धरून सरांच्या शेजारी उभा. वैजयंतीबाई रांगेत शेवटी थांबल्या होत्या. हिरवं इरकल नेसल्या होत्या. पानं ताटातली घेतली नाहीत. बार्शीहून रुमालात बांधून आणली होती. त्यांनी सरांच्या हातात पानं ठेवली, वाकल्या, आणि सरळ होऊन हळू आवाजात बोलल्या.

"सर, तुमचा निरोप पोचला. एवढं मनाला लावून घ्यायचं नव्हतं तुम्ही. मीसुद्धा काढून टाकलं मनातनं."

"कसला निरोप?" सरांनी विचारलं.

"नाल्यावरचा. हातोड्याचा."

सर तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे तिच्याकडं बघत राहिले. त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे मल्लूला दिसलं, आणि तेच फार वाईट होतं. त्यांनी तोंड फिरवलं असतं, रागावले असते, तर ते भांडण तरी झालं असतं. पण त्या माणसाच्या डोक्यात तो नालाच नव्हता. इकडं एक घर त्या नाल्याच्या काठावर सगळं आयुष्य बसलं होतं.

मग सर प्रेमानं हसले. "अगं, तुझं तर लग्न ठरलं होतं ना तेव्हा? म्हणून तू गेलीस."

पलीकडं युवराज साहेब चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी किस्सा सांगायला तोंड उघडलं. वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांनी ताटाकडं पाहिलं, ताट धरलेल्या हातांकडं, आणि मग वर मल्लूच्या तोंडाकडं. तेवढंच. त्यांना सगळं कळलं.

"व्हय सर," त्या म्हणाल्या. "लग्न ठरलं होतं."

सर म्हणाले, सुखात आहेस ना. त्या म्हणाल्या, आहे. तेवढ्यात फोटोवाल्यानं सरांना बोलावलं.

मल्लूनं ताट कुणाच्या तरी हातात दिलं आणि वैजयंतीबाईंना फाटकापाशी गाठलं. त्या रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मोकळा रुमाल हातातच होता. मल्लूनं बरंच काही बोलायला सुरुवात केली: सांगायचं राहून गेलं, मी सरांना बोलणारच होतो, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. त्याचं त्याचंच संपलं. मग त्यांनी विचारलं, हातोड्याचं कुणी सांगितलं तुला? युवराजनं का? मल्लूनं मान डोलावली. त्याला अजून गंमत वाटते का त्याची, असं त्यांनी विचारलं. मल्लूनं मान खाली घातली, आणि त्यांना उत्तर मिळालं.

रिक्षा आली. त्या बसल्या, आणि पदर आत ओढून घेत बोलल्या.

"पिंकीच्या बापाला मी सांगून बसले, सरांनी चूक कबूल केली. पोरीचा अर्ज भरायला हो म्हणालाय तो. आता घरी जाऊन काय सांगू? सांग तूच. तुला पटकन सुचतं की."

  रिक्षावाल्यानं जरा वाट पाहिली आणि गाडी काढली.

त्या रात्री त्यानं बापाला फोन लावला. रुद्रप्पानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एका गिऱ्हाइकाला डाळ दिली. रागावला नाही. फक्त विचारलं, त्या दिवशीच दुसऱ्या घरी का न्हाय गेलास? मल्लू म्हणाला, जाणार होतो अप्पा. रुद्रप्पा म्हणाला, "पहिल्या घरातनं निघालो की मी चप्पलसुद्धा नीट घालत न्हाय रे. खोटं असतंय ते. गार व्हायच्या आत दुसरीकडं पोचवावं लागतंय."

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मल्लू सरांच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. या वेळी बसला नाही. आणि त्यानं सगळं सांगितलं: नाला, हातोडा, युवराज, बार्शीचं दुकान, पिंकी, आणि आठवण काढतात हे वाक्यही. सरांनी ते ऐकताना चष्मा काढून हातात धरला. मल्लूला वाटलं, आता आपल्याला हाकलतील, आणि हाकललं तर बरं होईल. पण सरांनी हाकललं नाही. कुंडीतल्या दगडांकडं बघत बसले.

"मला खरंच आठवत नाही रे," शेवटी ते म्हणाले. मग चष्मा परत चढवत म्हणाले, "पण मी तसं म्हणालो असणार. तेव्हा मी सगळ्याच मुलींना तसं म्हणायचो."

काकू दारात येऊन थांबल्या होत्या. त्या आत गेल्या. सरांनी वैजूचा नंबर मागितला. मल्लूनं विचारलं, मी लावून देऊ का. सर म्हणाले, नको, तू आता मध्ये येऊ नकोस. काय बोलायचं ते माझं मी बघतो. मल्लू पायऱ्या उतरला तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. दुसरं घर झालं होतं. उशिरा का होईना, आणि खरं बोलून झालं होतं.

कोजागिरी होऊन गेली. समिती आली, फोटो पाहिले, फरसाण खाल्लं, गेली. मॅडमनी मल्लूचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मल्लूनं मान खाली घातली. या वेळी तोंडही बंद होतं, ते बघून मॅडमनी विचारलं, बरं नाही का तुला.

त्यानंतर एका दुपारी बार्शीहून फोन आला. मल्लू दगडांच्या कपाटापाशी उभा होता.

वैजयंतीबाई म्हणाल्या, सरांचा फोन आला होता. आवाज शांत होता. बराच वेळ बोलले. म्हणाले, माझं चुकलं. म्हणाले, मला तो दिवस आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच जास्त लाज वाटते.

मल्लूला आनंद झाला आणि तो लपवता येईना. तो म्हणाला, बघा मॅडम.

"बघितलं," त्या म्हणाल्या. "ते 'आठवत नाही' लई छान घातलंस. त्यानं अगदी खरं वाटतं."

मल्लूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो घाईघाईनं बोलायला लागला: मॅडम, हे मी नाही सांगितलं त्यांना, हे त्यांचं त्यांनीच, शपथ घेऊन सांगतो.

"शपथ नको घेऊस. घेशील तू." त्या हसल्या, आणि त्या हसण्यात राग नव्हता. "म्हातारा माणूस बिचारा. पाठ करून म्हणत असेल असं वाटत होतं मला. मी हो हो म्हणलं. त्यांना कशाला त्रास."

मल्लू कपाटाला टेकला. काचेमागं होटगीच्या नाल्यातला एक काळा दगड होता, दोन तुकड्यांत, आतली बाजू वर करून ठेवलेला. कुणी फोडला ते खाली लिहिलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, पिंकीला काय सांगितलं.

"पिंकीला? ह्या फोनचं काही न्हाय सांगितलं. ती आणि तिचा बाप पहिलंच खरं धरून चाललेत. अर्ज भरला तिनं." फोनमध्ये दुकानाचं शटर, कुणाची तरी मोटारसायकल, मग पुन्हा आवाज. "मेळाव्यातनं घरी पोचेपर्यंत रिक्षात, गाडीत, विचार करत होते काय सांगावं. दारात पाय ठेवला आणि सुचलं. म्हणलं, सरांनी सगळ्यांच्या देखत माफी मागितली. तुझ्यासारखंच सुचायला लागलंय बघ मलासुद्धा."

मल्लूनं मॅडम म्हणून हाक मारली. पण पलीकडं गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्या त्याला विचारत होत्या, फूटव्हॉल्व्ह पितळी देऊ का लोखंडी. गिऱ्हाईक भाव करत होतं. फोन तसाच चालू राहिला होता. मल्लू कानाला लावून उभा राहिला, त्या परत येतील म्हणून. आल्या तर काय बोलायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं. खरं तर एकच वाक्य होतं, सर आपल्या मनानंच बोलले, आणि ते खरं होतं, आणि त्याच्या तोंडून ते आता कुणी घेणार नव्हतं.

पितळी घ्या, गंजत न्हाय, त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या. मग कुणीतरी फोन बंद केला.